संदैमामांचं नाक

आमच्या घरमालकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी माझा वास घेतला. मी नवी नवरी, सांगलीहून तीन दिवसांचा आगगाडीचा प्रवास करून तंजावूरला उतरलेली, माप ओलांडायला उंबऱ्यात उभी. तर हे सहा फुटी गृहस्थ पुढे झाले, दोन हात लांबूनच नाक वर करून त्यांनी हवा ओढली आणि सासूबाईंना म्हणाले, "हळद उत्तम. खोबरेल खवट. मुलगी बरी आहे, तेल टाकून द्या." असा राग आला म्हणता! मी तोंडाची फटकळ. माहेरी असते तर 'तुमचं काय जातंय?' म्हणून तोंडावर विचारलं असतं. पण नव्या नवरीला तोंड नसतं. रात्री बाटली उघडून पाहिली, तर तेल खरंच खवटलं होतं.

सगळी गल्ली त्यांना संदैमामा म्हणे. संदै म्हणजे आठवड्याचा बाजार. शब्द तमिळ, पण आमच्या गल्लीतल्या मराठीत असे शेकड्यांनी शब्द कधीचे येऊन राहिले होते. राजवाड्यामागची ही मराठी घरं राजांच्या वेळेपासूनची. बोलायची मराठी, पण हेल तमिळ, आणि मधेच असा एखादा जुना शब्द यायचा की मला माझी पणजी आठवायची. मी बोलले की शेजारणी पदर तोंडाला लावून हसत. मामांनी तर मला नावानं कधी हाक मारलीच नाही. "काय गे सांगली", "ऐक गे सांगली", बस्स. आम्ही त्यांच्या घराच्या मागल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. पुढच्या खोलीत ते एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, स्वयंपाक स्वतःच करीत.

त्यांची नोकरी राजवाड्यातल्या पोथ्यांना तेल लावायची. ताडपत्रांना कीड लागू नये म्हणून गवती चहाचं तेल लावतात, ते काम त्यांनी तीस वर्षं केलं. म्हणत, "कीड दिसायला लागली म्हणजे उशीर झाला. मी बासन सोडायच्या आधी सांगत असें, आंत कीड आहे कीं नाही." निवृत्त झाले आणि हे तयार नाक घेऊन घरी बसणार कसे? बाजारात घेऊन गेले.

दर बुधवारी खंदकापलीकडच्या मोकळ्या जागेत संदै भरे. उजाडायच्या सुमारास आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या येत. वांगी, शेवग्याच्या शेंगा, केळफुलं, सुरणाचे गड्डे, केळीच्या पानांचे भारे. एका कोपऱ्यात खळग्यांचा तवा मांडून आप्प्यांसारखी पणियारं तळणारी बाई, तिच्याभोवती गाडीवाल्यांचा गराडा. सहाच्या ठोक्याला मामा येत. अनवाणी, खांद्यावर ओला पंचा, हातात चांदीची तपकिरीची डबी. डबीत तपकीर नसे हं. भाजलेले कॉफीचे दाणे असत. चारदोन वास घेतले की डबी उघडून नाकापाशी धरायची, मागचा वास पुसून टाकायचा आणि पुढं चालायचं. तपकीर ओढणाऱ्या माणसांची त्यांना किळस होती. आमच्या गल्लीतले वकील तपकीर ओढत, तर मामा त्यांना भर रस्त्यात म्हणाले होते, "देवानं दोन खिडक्या दिल्या, त्या तुम्ही शेणानं लिंपतां." वकिलांनी ते कधी विसरलं नाही.

वांग्याचा देठ ते हुंगून बघत, चिंचेचा गोळा फोडून हुंगत. चाखून मात्र काही पाहायचं नाही. चाखलं की उष्टं झालं, शिवाय जिभेवर त्यांचा विश्वास नव्हता. "जीभ लाचार असते गे सांगली. थोडं गोड दिलं कीं तुमच्या बाजूची. नाकाला असं वश करतां येत नाही." एकदा एका माणसानं पिवळंधमक रवाळ तूप आणलं. बायकांची झुंबड उडाली. मामांनी वाकून वास घेतला आणि एवढंच विचारलं, "म्हैस घरची आहे कीं कारखान्याची?" तो माणूस भांड्याला फडकं बांधून उठून गेला. तेव्हापासून दह्यादुधाच्या, तुपाच्या ओळीत एक रीतच पडली. मामा येऊन "शरी" म्हणाल्याशिवाय गिऱ्हाईक हात पुढं करीत नसे. शरी म्हणजे ठीक. त्या एका शब्दावर त्या बायकांची भवानी व्हायची.

त्या ओळीत करंजाच्या झाडाखाली पोन्नम्मा बसे. दोन म्हशी, अंथरुणाला खिळलेला नवरा आणि तीन पोरं, एवढा तिचा संसार. करंजाखालची जागा तिच्या आईची. चुंबळीवर मडक्यांची उतरंड घेऊन ती चार कोस चालत येई. आणि मामांची खिल्ली उडवायची हिंमत अख्ख्या बाजारात तिचीच. "या सामी," ती तमिळमध्ये ओरडायची, "वासरू आलं नाही तोवर माझी म्हैस पान्हवत नाही, आणि तुमचं नाक आलं नाही तोवर माझं मडकं उघडत नाही!" मामा गंभीरपणे वाकत, वास घेत, आणि काल विरजण किती वाजता लावलं ते सांगत. बाई कानाची पाळी धरून हसे. मी पैज लावते, त्या हसण्यासाठीच ते तिच्याकडे सगळ्यांत शेवटी जात.

आता जे सांगायचं ते सांगते.

लग्नाला तीन वर्षं झाली असतील माझ्या. पावसाळ्यानंतर मामांना मोठा ताप आला, पंधरा दिवस उठले नाहीत. सासूबाई आणि मी पेज नेऊन देत होतो. बरे झाले, पुन्हा बुधवारी जायला लागले, सगळं पूर्ववत. एके दिवशी दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. करपल्याचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी. धावत पुढं गेले तर मामांच्या चुलीवर दूध जळून कोळसा झालेलं, आणि मामा चुलीपासून दोन हातांवर पाट टाकून बसून वर्तमानपत्र वाचताहेत! मी पातेलं उतरवलं तेव्हा आवाजानं दचकले. पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.  विचारायची गरजच नव्हती.

"तापांत गेलं," ते म्हणाले. "कापूर नाकांत धरला, हिंग धरला. कांही नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं."

"अहो, मग बाजारात काय करता?"

"माणसांकडे पाहतों. झांकण काढतांना जो माझ्याकडे बघतो त्याचा माल चांगला. जो मडक्याकडे बघतो त्याचा वाईट. अजून चुकलों नाही." मग एकदम हात जोडले त्यांनी. माझ्यापुढं, पंचवीस वर्षांच्या पोरीपुढं. "कोणास सांगूं नको गे. दुसरं कांही उरलेलं नाही मज."

मला भडभडून आलं. नाही सांगत म्हणाले. आणि नाही सांगितलं. दीड वर्ष तो माणूस नाकाशिवाय बाजार हुंगत हिंडला. डबी उघडायचा, कॉफीचे दाणे हुंगायचा, डोळे मिटायचा, शरी म्हणायचा. नाक गेलं, पण दरारा जिथल्या तिथं. मी मागं पिशवी धरून उभी असायची आणि प्रत्येक 'शरी'नंतर विकणाऱ्याचं तोंड निरखायची.

दीड वर्ष सरत आलं त्या सुमारास शेतांवर फवारायची एक पांढरी भुकटी नव्यानं आली होती. किडीवरचं औषध. ते पोत्यांतून यायचं आणि पोत्याच्या आत जाड कापडाच्या पिशव्या असत. रिकाम्या झाल्या की शेतकरी त्या झटकून ठेवीत. फाल्गुनात एका बुधवारी एक फेरीवाला असल्या पिशव्यांचा ढीग घेऊन बसला. कापड पांढरंशुभ्र, शिवण दुहेरी. बायका घुटमळल्या. तेवढ्यात मामा आले. त्यांनी तीन पिशव्या उचलल्या, एकेक नाकाशी नेली, फेरीवाल्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्या बिचाऱ्याला तरी कुठं काय ठाऊक होतं? तो यांच्याकडे सरळ बघून हसला. मामा म्हणाले, "शरी. कोरं कापड." गल्लीतल्या बायकांनी हातोहात ढीग संपवला. सासूबाईंनी दोन घेतल्या.

रामनवमीला गल्लीचं एकत्र जेवण असे. उन्हाळा सुरू झालेला, म्हणून गूळपाण्याचं पानक, ताक, भिजल्या डाळीची कोशिंबीर आणि डांगर. नवे उडीद नुकतेच निघालेले असतात, ते भाजून दळायचे, ते पीठ दह्यात कालवायचं, वरून हिंग-मोहरीची फोडणी. दही पोन्नम्माकडचं, मोठी चार मडकी. उडीद दळायचं काम आमच्या घरी. आदल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगे, पीठ त्या नव्या पिशवींत भर. धुऊं नको, ओल राहील. झटक आणि भर."

मी पिशवी उलटी केली, झटकली. आणि मला वास आला.

ओलसर, कुबट, औषधी. फार नाही, पण आला. मी म्हणाले, "सासूबाई, याला कसला तरी वास येतोय." त्या उडीद निवडता निवडता म्हणाल्या, "काय गे, मामांच्या नाकाखालून निघालेली पिशवी, आणि तुज वास येतो? मामांपेक्षां तुझं नाक मोठं काय?" दोन शेजारणी बसल्या होत्या, त्या हसल्या. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मामांना नाक नाही. मला वचन आठवलं, खरं. पण त्याहून जास्त, मला हसलेलं सहन झालं नाही. मी गाल फुगवून पीठ भरलं. रात्रभर ते त्या पिशवीत राहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं होऊन तासभर झाला नाही तो पहिली उलटी झाली. मग दुसरी. मग कोण कुठं धावतंय ते कळेना. गल्लीभर ओट्यांवर माणसं आडवी. घेरी, उलट्या, हातापायांना कापरं. माझ्या नणंदेची मुलगी, सहा वर्षांची, सुट्टीला आलेली. डांगर आवडतं म्हणून दोनदा मागून घेतलं होतं पोरीनं. तिचे दात वाजायला लागले, डोळे फिरले. मी तिला मांडीवर घेऊन रात्र काढली. त्या रात्री मी देवाला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. डॉक्टर मिठाचं पाणी पाजत घरोघर फिरले, म्हणाले, काहीतरी विषारी पोटात गेलंय, दही-ताक वगैरे तपासा. सकाळी पोरगी पाणी मागून प्याली. कुणी दगावलं नाही, एवढी रामाची कृपा.

पण 'दही' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून गेला आणि गल्लीनं तो उचलला. वकील स्वतः आडवे झाले होते. तिसऱ्या दिवशी ओट्यावर उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "बुधवारी त्या बाईचीं मडकीं फोडून तिला संदैतून हाकलायची. पुन्हां पाय ठेवतां कामा नये. पोरें मरतां मरतां वाचलीं आमचीं!" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तिथंच उभी होते. मामाही होते. ते खाली मान घालून घरात गेले.

करंजाखालची जागा गेली असती तर पोन्नम्मानं काय केलं असतं? बाजारात विषवाली म्हणून नाव पडलं की दारोदारही कुणी दही घेत नाही. म्हशी विकाव्या लागल्या असत्या. पुढं काय, ते सांगायला नको.

मंगळवारी दुपारी मी नणंदेच्या मुलीला भात भरवत होते. समोर पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाई ठणठणीत, जपमाळ घेऊन बसलेल्या. मी सहज म्हणाले, आत्याबाई, तुम्ही बऱ्या वाचलात. त्या म्हणाल्या, "वाचलें काय गे? मी कोठें जेवलें? मज उपास होता. वाटीभर दही घेतलें, पानक घेतलें, झालें."

माझा घास हातातच राहिला. वाटीभर दही! उपासाच्या पाच बायका होत्या गल्लीत. मी भात तसाच टाकून पाची घरं फिरले. पाचीजणींनी त्याच मडक्यांतलं दही खाल्लं होतं. एकीलाही साधी ढेकर आली नव्हती. उपासाला चालत नाही ते काय? डाळीची कोशिंबीर आणि उडदाचं पीठ. आणि पीठ कुठं होतं रात्रभर?

घरी येऊन मी ती पिशवी शोधून काढली. कोनाड्यात घडी करून ठेवलेली होती. नाकाला लावली. तोच वास. मग तशीच मामांच्या खोलीत गेले आणि पिशवी त्यांच्या मांडीवर टाकली. "दह्याचा दोष नाही मामा. उपासाच्या पाचीजणींनी तेच खाल्लं, त्या ठणठणीत आहेत. ही घ्या, पीठ हिच्यात होतं. याला औषधाचा वास येतोय."

त्यांनी पिशवी उचलून नाकाला लावली. सवयीनं. मग हळूच खाली ठेवली. चेहरा उतरत गेला त्यांचा. "मी शरी म्हणालों होतों," ते म्हणाले. मग विचारलं, "केव्हां आला तुज वास?"

"आत्ता," मी म्हणाले.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी पिशवीकडे पाहत होते.

"उद्या बाजारात तुम्हांला विचारतील," मी आवाज चढवून म्हणाले. माझाच धीर सुटत होता ना, म्हणून आवाज चढला. "ती बाई उपाशी मरेल. तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते."

"तूं वचन दिलेलं आहेस मज," ते म्हणाले. "पिशवी घेऊन जा. दार लाव."

बुधवारी सहा वाजता मी सासूबाईंना न विचारता बाजारात गेले. पिशवी पदराखाली. करंजापाशी दोन गट उभे होते. एकीकडे आमच्या गल्लीतली माणसं, वकील पुढं, हातात काठी. दुसरीकडे खेड्यांतले गाडीवाले, भाजीवाले, पणियारंवाली तवा सोडून आलेली. कुणीतरी म्हणालं, मडक्याला हात लावा, मग बघतो. मधे पोन्नम्मा मडक्यांना कवेत घेऊन बसलेली. बाजाराचा मक्तेदार घामानं डबडबला होता. दोन्ही बाजू सांभाळायच्या होत्या त्याला. मामा आलेले पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. "सामींनी वास घेऊन सांगावं," तो ओरडला. "सामी म्हणतील ते मला मान्य. तुम्हांला?" वकील म्हणाले, मान्य. गाडीवाले म्हणाले, मान्य. पोन्नम्मानं मडक्यांवरची मिठी सोडली. तिनं झाकण काढलं आणि मामांकडे पाहिलं. सरळ त्यांच्या डोळ्यांत.

मामा वाकले. इतका वेळ वाकून राहिले की गाडीवाले पुढं सरकले. शरी म्हणाले असते तरी बाई सुटली असती का? वकिलांनी विचारलं असतं, मग विष कशात? आणि 'वाईट' म्हणाले असते तर सगळं मिटलं असतं. नाक राहिलं असतं, मान राहिला असता, बाई गेली असती. मला त्यांची पाठ दिसत होती फक्त. पाठीवरून घाम ओघळत होता.

"काय म्हणतें नाक?" वकील म्हणाले. "बोला मामा. आंबलेलं आहे ना?"

मामा उभे राहिले. वळून त्यांनी माझ्यापुढं हात केला. मी पिशवी दिली. ती त्यांनी पोन्नम्माच्या तोंडाजवळ नेली आणि तमिळमध्ये विचारलं, "बाई, तू सांग. कसला वास?"

तिनं तोंड फिरवलं. "अय्यो! शेतातलं मरुंदु, सामी. किडीचं औषध. लांब करा."

मामांनी पिशवी मक्तेदारापुढं धरली. तो नाक मुरडून मागं सरला. गाडीवाल्यांपुढं धरली. वकिलांपुढं धरली. तपकिरीनं भरलेल्या त्या नाकालासुद्धा वास आला, वकिलांनी रुमाल काढला.

"सगळ्यांस आला," मामा म्हणाले. आधी तमिळमध्ये, मग मराठीत, म्हणजे कुणाला कळलं नाही असं व्हायला नको. "मज आला नाही. मज दीड वर्षापासून कसलाच वास येत नाही. ही पिशवी मी शरी म्हणून दिली. रामनवमीचं पीठ हींत होतं. दही चांगलं आहे. दही उपासाच्या बायकांनी खाल्लं, त्या धडधाकट आहेत. तुमच्या पोरांस मी विष घातलं. काठी उगारायची तर इकडे उगारा."

एवढा मोठा बाजार, पण पणियारं करपल्याचा चर्र आवाज मला ऐकू आला. पणियारंवाली तव्याकडे धावली. वकिलांच्या हातातली काठी खाली गेली. कुणीतरी मागून म्हणालं, "दीड वर्ष? म्हणजे माझं तूप..." आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. एक म्हातारा गाडीवाला पचकन थुंकला. तेवढंच. मामा त्या सगळ्यांमधून डबी मुठीत धरून घरी चालत गेले. कुणी वाट अडवली नाही, कुणी हाकही मारली नाही.

दुपारी गल्लीतल्या सगळ्या पिशव्या गोळा करून गावाबाहेर खड्ड्यात पुरल्या. सासूबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांना आठवत होतं ना, मी काय म्हणाले होते ते. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. सगळा दोष मामांनी एकट्यानं उचलला आणि मी उचलू दिला. लोक त्यांच्या दारावरून जाताना नजर चुकवीत. पोरं नाक धरून चिडवीत. एकदा मी एकाला असा धपाटा घातला की त्याची आई भांडायला आली. भांडले मी पण, कडकडून. धपाटा खरं तर मला हवा होता.

पुढच्या बुधवारी पहाटे आमच्या खोलीची कडी वाजली. दारात मामा. अनवाणी, खांद्यावर ओला पंचा.

"चल गे सांगली. सहा वाजत आले."

"मी? मी कशाला?"

ते वळले आणि चालू लागले. मी चूळ भरली आणि पदर खोचून मागं धावले. बाजारात आम्ही शिरलो तशी बोलणी थांबली. वांगीवाल्यानं वांगी पुढं केली नाहीत. तुपाच्या बायका दुसरीकडे बघू लागल्या. मामा कुठंही थांबले नाहीत. थेट करंजाखाली गेले. पोन्नम्मानं त्यांना पाहिलं, मला पाहिलं, आणि झाकण काढलं. गिऱ्हाइकं उभी होती, पण एकाचाही हात पुढं आला नव्हता. पिशवीनं तिला सोडवलं होतं, तरी भवानी व्हायची होती.

मामांनी डबी उघडली. कॉफीचे दाणे त्यांनी माझ्या नाकापुढं धरले. मग मडक्याकडे बोट केलं.

मी वाकले. गोड, थंड, किंचित धुराचा वास. रात्री चुलीजवळ विरजलेलं दही. मी मान वर करून हळूच पुटपुटले, "चांगलं आहे मामा."

ते आसपासच्या माणसांकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

"मोठ्यानं सांग," ते म्हणाले. "पिशवी झटकलीस त्या दिवशीं सांगायचं होतंस, तसं."

मी मोठ्यानं सांगितलं.